एक्केचाळीस सेकंदांची पाठ

सोमवार, १० नोव्हेंबर १९९७

काय झालं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. पुढे वाद झालाच तर उपयोगी पडेल.

१. इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात ‘मागलं दार’ या १९५६ सालच्या चित्रपटाची सोळा मिलिमीटरची प्रत सापडली. तीन रिळं. चित्रपट त्याच नावाच्या नाटकावरून केलेला आहे.
२. तो १४ डिसेंबरला, रविवारी, मंडळाच्या सभागृहात दाखवायचं ठरलं.
३. तिसऱ्या रिळाला ओल लागली आहे. फिल्मच्या कडेला आवाजाची जी पट्टी असते, ती शेवटाकडे चरे पडून खराब झाली आहे.
४. मी नोकरीत आवाजाच्या संकेतांवरच काम करते, म्हणून कार्यवाह जयतीर्थ यांनी ते रीळ माझ्याकडे सोपवलं.
५. इथल्या शिवाजीनगरात कल्लाप्पांकडे जुना प्रोजेक्टर आहे. त्यावरून मी आवाज टेपवर घेतला, टेपवरून प्रयोगशाळेतल्या संगणकावर. गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून खरखर काढली.
६. काल समितीला ऐकवला. शेवटच्या प्रसंगातले एक्केचाळीस सेकंद पूर्ण शांत निघाले.
७. नाटकात त्या जागी आईचं दीड पानी भाषण आहे. जयतीर्थ म्हणाले, “खरकट्याबरोबर ताटपण टाकून दिलंस की गं.” सगळे हसले.
८. मी म्हटलं, जे तिथे नव्हतं ते मी काढू शकत नाही.
९. त्या जागी हेमलताबाईंच्या आवाजात भाषण बसवायचं ठरलं. हेमलताबाई मंडळाच्या नाटकांत कामं करतात. प्रसंगभर आई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे कुणाचाही आवाज बसतो.
१०. मी हरकत घेतली नाही. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बरोबर आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आईचं आंतर्देशीय आलं. पाणी एक दिवसाआड येतं. शेजारची शाल्मली बाळंत झाली, मुलगी. शेवटी ‘काळजी घे’. उत्तरात मी इथली हवा लिहीन आणि चपात्या नीट होतात असं लिहीन. चौदा महिने असंच चाललं आहे. दोघींच्याही पत्रांत खोडाखोड नसते.

पुण्यातली नोकरी सोडून इथे यायचं ठरवलं तेव्हा तिने वाद घातला नाही. निघताना ती ओट्याशी चटणी वाटत होती. मी म्हटलं, “येते.” ती काहीतरी म्हणाली. मिक्सर चालू होता. पुन्हा विचारलं नाही, रिक्षा खाली उभी होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भाषण किती वेगाने म्हटलं तर एक्केचाळीस सेकंदांत बसेल हे ठरवण्यासाठी अर्धी रजा टाकून कल्लाप्पांकडे गेले. ते पूर्वी तंबूतल्या सिनेमात यंत्र चालवायचे, आता मिक्सर आणि रेडिओ दुरुस्त करतात. बेळगावकडचे आहेत.

“मॅडम, रीळ म्हातारं झालंय बघा,” ते म्हणाले. “हळू पळवू. तुटलं तर मला बोलायचं नाही.”

भिंतीवर पांढरी चादर लावून शेवटचा प्रसंग पाहिला. आतापर्यंत मी तो फक्त ऐकला होता.

कथा साधी आहे. विधवा आई, एकुलती मुलगी सरू. सरूला नर्सिंग शिकायला जायचं आहे, घरातल्या पुरुषांचा विरोध आहे. पहाटे ती मागल्या दाराने निघते. आई तिथे आधीच उभी असते. सरू दारात, आपल्याला तिचा चेहरा दिसतो. आईची फक्त पाठ. मग ते एक्केचाळीस सेकंद. मग सरू निघून जाते आणि उघडं दार राहतं.

आईचं काम अंबुबाई नावाच्या नटीने केलं आहे. नोंदी: चौथ्या सेकंदाला पदर डोक्यावर घेण्यासाठी डावा हात उठतो आणि मध्येच थांबतो. सतराव्याला ती हात कडीवर ठेवते. दार लावणार असं वाटतं. एकतिसाव्याला उजवा खांदा खाली येतो. फार नाही, दोन बोटं. कडीवरचा हात निघतो.

पुन्हा लावायला सांगितलं. एकूण सात वेळा पाहिलं. पहिल्या तीन वेळांना तांत्रिक कारण होतं.

“रडायला येतंय काय मॅडम?” कल्लाप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, धूळ आहे.

“आहेच,” ते म्हणाले आणि पंखा बंद केला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एक अडचण आहे. दीड पान बोलणाऱ्या माणसाचे खांदे श्वासागणिक हलतात. ती पाठ एक्केचाळीस सेकंदांत फक्त तीनदा हलते. ती बाई बोलत नाहीये.

सकाळी प्रयोगशाळेत जाऊन मूळ ध्वनिमुद्रण काढलं. मूळ मी कधीच पुसत नाही. गाळणी न लावता, हेडफोनवर, सेकंद-सेकंद करून ऐकलं.

अडतिसाव्या सेकंदाला काहीतरी आहे. पाव सेकंदाहून थोडं मोठं. सुरुवातीला ‘स’सारखा फुत्कार, मग स्वर.

गाळणीला एक पातळी सांगावी लागते, तिच्याखालचं सगळं ती खरखर समजून पुसते. पातळी मी ठरवली होती. म्हणजे क्रमांक ८ चुकीचा आहे. तिथे जे होतं ते मी काढलं होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

जयतीर्थांना फोन केला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं चार पिढ्या इथलं. टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आता पूर्ण वेळ मंडळ चालवतात.

“स वरून काय असणार? सरू,” ते म्हणाले. “पोरीला हाक मारतेय.”

“पण त्याच्या आधी भाषण नाही, अण्णा.”

“अगं, मी एकसष्ट साली हा सिनेमा थेटरात बघितलाय. भाषण होतं. मी स्वतः रडलोय. शपथेवर सांगतो.”

“मग या प्रतीत का नाही?”

“ते तुझी गाळणी जाणे. सरी सरी, ठेवतो. हेमलताची तालीम आहे.”

मंगळवार, १८ नोव्हेंबर

‘सरू’ नाही.

कानावर विश्वास न ठेवता मोजून पाहिलं. ‘ऊ’ आणि ‘ई’ या स्वरांचे ठसे इतके वेगळे असतात की एवढ्या खरखरीतही गफलत होत नाही. शेवटचा स्वर ‘ई’ आहे. मधला ‘र’ स्पष्ट आहे. शब्द ‘सरी’.

शब्दकोश पाहिला. सरी: गळ्यातला दागिना. सरी: शेतातला लांब चर. सरी: पावसाच्या. आई मुलीला जाताना दागिना देते असं मानावं, तर हातात काही नाही. बाहेर शेत दिसत नाही. पाऊस नाही.

हाक असेल तर ती मुलीला थांबवते आहे. हाक नसेल तर काय करते आहे ते कळत नाही. सगळा चित्रपट एका स्वरावर उभा आहे आणि मला त्याचा अर्थ लावता येत नाही. मोजमाप मात्र बरोबर आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

यशवंतपूरहून रिक्षाने येताना मल्लेश्वरमच्या पाचव्या गल्लीशी रस्ता खणलेला होता. चालक म्हणाला, इथेच उतरा. मी म्हटलं, “सरी.”

उतरून, पिशवी घेऊन, जिना अर्धा चढून गेले आणि तिथेच थांबले.

हा शब्द मी चौदा महिने रोज म्हणते. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, बसच्या वाहकाला. कानडी आहे. ठीक. बरं. असू दे. जा. त्याला कितीतरी अर्थ आहेत आणि तो म्हणताना मी एकदाही ऐकला नव्हता.

पुण्यामुंबईच्या चित्रपटात, मराठी आईच्या तोंडी, कानडी शब्द. असं का, हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. अण्णांना फोन करून विचारलं, अंबुबाई मूळच्या कुठल्या.

“इथल्याच की. शिवाजीनगरच्या. सिनेमा सोडून परत आली ती कायमची. तू नको जाऊस हं. मंडळानं तीनदा सत्काराला बोलावलं, तीनदा आमच्याच पेढ्यांसकट आम्हाला परत पाठवलं.”

“जिवंत आहेत?”

“फारच.”

शनिवार, २२ नोव्हेंबर

बाजाराच्या मागे, गाद्या-उशांच्या दुकानावर दोन खोल्या. दुकान अंबुबाईंच्या भाच्याचं, नागोजींचं. त्यांनी जिन्याखालून ओरडून सांगितलं, “अक्का, पुण्याची बाई आलीय. मंडळाची.”

“मंडळाची असेल तर मी नाही घरात,” वरून आवाज आला.

“मी मंडळाची नाही,” मी म्हटलं. “आवाजाची आहे.”

“म्हणजे काय ते वर येऊन सांग.”

बहात्तर वर्षांची, बारीक, ताठ. समोर अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, ढीग. सोलायला येतं का विचारलं. मी नाही म्हटलं. “मग शीक. बोलता बोलता होतंय.” मी शिकले. एका शेंगेत सरासरी तीन दाणे.

सगळं सांगितलं. गाळणी, चूक, हेमलताबाई, एकोणतीस तारखेला होणारं ध्वनिमुद्रण. शब्दाबद्दल मुद्दाम काही बोलले नाही. तिचं उत्तर माझ्या प्रश्नामुळे बदलू नये.

तिने शेंगा बाजूला सारल्या.

“नाटकात दोनशे प्रयोग केले. ते भाषण म्हटलं की टाळ्या. कोल्हापूर घे, सांगली घे, रोज टाळ्या. मग सिनेमा. दिग्दर्शक म्हणाले, पाठ करून उभी राहा आणि बोल. कॅमेरा सुरू झाला. माझ्या तोंडून निघेना.”

“विसरलात?”

“दोनशे प्रयोग केल्यावर विसरतंय कोण? ऐक. नाटकात पोरीला सांगायचं म्हणजे शेवटच्या रांगेला सांगायचं. तिथं शेवटची रांगच नव्हती. एक दार होतं, आणि तीन हातांवर एक पोर, पिशवी घेऊन. घाबरलेली. तिला काय दीड पान ऐकवायचं? पाय ओढून घेतल्यासारखं झालं असतं तिला. मग मी गप्प राहिले. दिग्दर्शकही थांब म्हणाले नाहीत. शहाणा माणूस. आणि शेवटी जे आलं ते आलं. मी नाटकात जायला घरातून निघाले तेव्हा आई, आमची अव्वा, जे म्हणाली होती ते.”

“मग भाषण कुठून आलं? अण्णांनी ऐकलंय.”

“ऐकणारच. मुंबईत लोक ओरडले, भाषण कुठाय म्हणून. निर्मात्यानं दोन आठवड्यांत दुसऱ्या बाईचा आवाज आणून चिकटवला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पाठीला काय, कुणाचाही आवाज चिकटतो.”

हे वाक्य मी दहा तारखेला नवव्या क्रमांकावर लिहिलं आहे. जवळजवळ याच शब्दांत.

“म्हणून परत आलात?”

“मग काय करू? माझी पाठ तेवढी चालते त्यांना.” ती पुन्हा सोलायला लागली. “आता तुमचं मंडळ दुसऱ्यांदा करतंय. करू दे. त्या हेमलताला सांग, भाषणातल्या ‘वासराला’ या शब्दावर श्वास घेऊ नको, वाक्य पडतंय.”

मी टेपरेकॉर्डर काढला. मंडळाची प्रत पहिल्या प्रतींपैकी असावी, आवाज बदलण्याच्या आधीची, असं समजावलं. तिने हेडफोन लावून घेतले. मी मनगटावरचं घड्याळ पाहत होते.

तिचे डोळे उघडे होते. मांडीवर शेंगा होत्या. एकतिसाव्या सेकंदाला तिचा उजवा खांदा खाली आला. दोन बोटं. तिला ते कळलं असेल असं वाटत नाही.

अडतिसाव्या सेकंदानंतर तिने हेडफोन काढले नाहीत. टेप संपली तरी नाही.

मग म्हणाली, “मागे पाऊस आहे काय?”

“नाही. चरे आहेत. काढता येतील थोडे.”

“राहू दे थोडा. बरा वाटतोय.” आणि मग, “तुला काय ऐकू आलं?”

“सरी.”

“कळलं काय?”

मी म्हटलं, शब्द कळला.

“स्वल्प कळलं म्हणजे,” ती म्हणाली आणि सोललेले दाणे पिशवीत भरून दिले. नको म्हणायची संधी दिली नाही.

१९५६ ते १९९७, एक्केचाळीस वर्षं. निव्वळ योगायोग आहे, नोंदवायचं कारण नव्हतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

अण्णांच्या घरी गेले. आदल्या रात्री लिहिलेलं एक पान बरोबर नेलं होतं: चूक माझी, कशी झाली, काय करायला हवं. चूक लेखी देणं मला आवडत नाही. तोंडी देणं त्याहून आवडत नाही.

अण्णांनी पान वाचून घडी घातली. “बघ केतकी, बाईचं सगळं खरं धरू. पण तीनशे लोक येणार. एक्केचाळीस सेकंद नुसती खरखर ऐकून लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. शिट्ट्या मारतील. एकसष्ट साली ज्यांनी बघितलाय ते भाषण मागतील. आणि हेमलतानं तालमी केल्यात, तिला काय सांगू?”

मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही, फक्त दाखवता येतं. हेडफोन दिले.

पहिल्या वीस सेकंदांत त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा मला खूण केली की काही नाही. तिसाच्या सुमारास हात खाली आला. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहायला लागले. तिथे कुणी नव्हतं. त्यांच्या पत्नी मुलाकडे महादेवपुऱ्याला गेल्या आहेत.

हेडफोन काढून ते म्हणाले, “हे मराठी नाही.”

मी टेप मागे घेतली.

मग म्हणाले, “म्हणजे पुण्याचं नाही. हे आमचं आहे. माझी आई असंच म्हणायची. नाही म्हणायचं असलं की खूप बोलायची. हो म्हणायचं असलं की एवढंच, आणि मग तोंड फिरवायची.” चष्मा पुसला. “मला चाळीस वर्षं वाटत होतं, ती रागावून तोंड फिरवते.”

मी विचारलं, “मग तोंड का फिरवायच्या?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार सोपी गोष्ट विचारली आहे.

“चहा घेणार?” ते म्हणाले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

समितीची बैठक. ठराव बदलला. आवाज मूळचाच राहील. खरखर निम्म्यावर आणायची, पातळी मी कानाने ठरवायची. प्रसंगाच्या आधी कुणी काही सांगायचं नाही, यावर मी अडून बसले. शेवटी मान्य झालं.

हेमलताबाईंना मीच सांगितलं. त्यांनी टेप ऐकली, दोनदा. म्हणाल्या, “इथे माझं भाषण लावलं असतं तर लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. वाचवलंस.” मग विचारलं, अंबुबाई माझ्याबद्दल काही म्हणाल्या का. मी ‘वासराला’ सांगितलं. त्यांनी पर्स उघडून ते लिहून घेतलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नागोजींचा प्रयोगशाळेत फोन. अक्का येणार. अटी तीन: शाल नाही, नारळ नाही, नाव पुकारायचं नाही. शेवटच्या रांगेत बसणार. “विचारतेय, पुण्याच्या बाईला जेवायला कधी पाठवतोस,” ते म्हणाले. मी म्हटलं, रविवारी. फोन ठेवताना तोंडून अर्थात ‘सरी’च गेलं. ते हसले. का ते विचारलं नाही.

अंबुबाईंनी दिलेल्या दाण्यांची उसळ केली होती. बरी झाली. हे आईला लिहिता येईल, हवेऐवजी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी तीन वेळा पत्र लिहिलं, चौथं टाकलं. खोडाखोड दोन ठिकाणी राहिली. पुन्हा लिहिलं नाही. नक्कल ठेवते.

“प्रिय आई,

पत्र मिळालं. शाल्मलीच्या मुलीला पाहून आलीस का?

इथे १४ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, मंडळात एक जुना चित्रपट आहे. त्याच्या आवाजाचं काम मी केलं आहे. तू पाहावास असं वाटतं. शुक्रवारच्या उद्यान एक्सप्रेसने निघालीस तर शनिवारी पोचशील. स्टेशनवर मी असेन. गुडघ्यांमुळे जिना चढवणार नसेल तर खालच्या काकू त्यांच्याकडे झोपायची सोय करते म्हणाल्या आहेत. शेवटच्या रांगेत तीन जागा धरून ठेवायला सांगितल्या आहेत. एक माझी, एक इथल्या एका आजींची, एक रिकामी आहे.

दुसरं. मी निघाले त्या दिवशी तू ओट्याशी होतीस आणि मी येते म्हटल्यावर काहीतरी म्हणालीस. मिक्सर चालू होता. मला ऐकू आलं नाही. तू काही म्हणाली नाहीस, असंच मी धरून चालले. ते चूक असावं. तेव्हा थांबून विचारायला हवं होतं, म्हणून आता विचारते आहे. तू काय म्हणालीस?

तिकिटाचं मला इथून करता येईल. तू येतेस का, आणि त्या दिवशी काय म्हणालीस, ही दोन्ही उत्तरं शनिवार, ६ डिसेंबरपर्यंत कळव.

केतकी”